गोणी सुटेपर्यंत

रस्त्याच्या कडेने ताडपत्र्या अंथरल्या जाताहेत. चारी कोपऱ्यांवर दगड. दगड मिळाला नाही तिथे कोळशाची इस्त्री, गाडीचा गिअर, पाच किलोचं माप. रविवारची सकाळ आहे, आठ वाजायचेत. एप्रिल संपत आलाय, त्यामुळे ऊन कोवळं असं नाहीच. उगवतं तेच टोचतं. मंगळवार पेठेतला जुना बाजार मांडला जातोय.

कुंभारवेशीकडून टेम्पो येतात, हातगाड्या येतात. एका स्कूटरच्या मागच्या सीटवर शिवणयंत्राचं लोखंडी पायडल सुतळीने आवळलेलं आहे. माल ओतला जातो. आधी लोखंडाचा आवाज. पाने, पकडी, नळाच्या तोट्या, साखळ्या. मग पितळेचा, जरा भरीव आणि लांबत जाणारा. मग प्लॅस्टिकचा पोकळ खडखडाट. माझे कान त्या दोन मागच्या आवाजांकडे आहेत. खेळणी आली तर त्यांच्याबरोबर येतात.

खेळण्यांचं वेगळं दुकान इथे नाही. कुणी ती मांडून ठेवत नाही. चार्जरच्या गुंत्याखालून बाहुलीचा हात डोकावतो. ग्रामोफोनच्या फुटक्या कर्ण्यात पत्र्याचा बेडूक सापडतो, पोटाशी दाबला की टकटक वाजणारा. स्क्रूच्या डब्यात काचेच्या गोट्या असतात, चाव्यांच्या जुडग्यात किल्लीच्या खेळण्याची किल्ली असते. किल्ली आहे, खेळणं नाही. ते कुठेतरी दुसऱ्या ताडपत्रीवर, दुसऱ्या माणसाकडे, किंवा कधीच वितळून गेलेलं.

उभ्याने काही दिसत नाही. उकिडवं बसावं लागतं. एकदा बसलं की बाजाराची उंची बदलते. वरून जाणारे पाय दिसतात, पिशव्यांचे तळ दिसतात, आणि ढिगाची खालची बाजू दिसते. तिथे बघायचं.

“ताई, भवानी करा. सकाळपासून हात लागला नाही कुणाचा.”

पत्र्याचा बिस्किटांचा डबा पुढे सरकतो. आत अंगठ्याएवढ्या मोटारी. तीसेक असतील. बहुतेकांचे रंग उडालेत, धातू राखाडी दिसतोय. रंग शाबूत असलेल्या चिनी गाड्यांचे तो शंभर सांगतो, उडालेल्यांचे पन्नास. मी एक उडालेल्या रंगाची उचलते आणि उताणी करते. जुन्या खेळण्याला पहिलं काही करायचं असेल तर ते हेच. तळाला बारीक उठावाची अक्षरं: मॅचबॉक्सची गाडी, मेड इन इंग्लंड. त्याखाली मालिकेतला क्रमांक.

वर्ष मात्र सहसा मिळत नाही. ते चाकांवरून काढायचं. १९५३ साली ह्या गाड्या निघू लागल्या तेव्हा चाकं धातूची होती. मग राखाडी प्लॅस्टिकची आली, मग काळी. १९६९ मध्ये बारीक आसाची, सुळकन पळणारी चाकं आली, कारण त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेतून हॉट व्हील्स बाजारात उतरल्या होत्या आणि पोरांना वेग कळला होता. हातातल्या गाडीची चाकं राखाडी आहेत. म्हणजे ती माझ्याहून मोठी आहे. पुढचं डावं चाक आतल्या बाजूने झिजलंय. कुणीतरी ही गाडी कायम एकाच दिशेने वळवत होतं. खांबाभोवती असेल, किंवा बैठ्या टेबलाच्या पायाभोवती.

डब्याच्या तळाशी आणखी एक आहे, जरा मोठी, जड. ओतीव काम मूळ इंग्लिश डिंकीसारखं, पण रंग जाडसर मारलेला, आणि तळावर निकी हे नाव. साठच्या दशकाच्या अखेरीस डिंकीचे काही वापरून झालेले साचे कलकत्त्याला आले आणि त्यांतून ह्या गाड्या निघाल्या. परदेशी माल आणणं दुरापास्त होतं त्या काळात मध्यमवर्गीय घरातल्या मुलाला विलायती गाडीच्या सर्वांत जवळ जाता आलं ते ह्या गाडीने. बाहेरचे संग्राहक आता ह्यांच्यासाठी मेल पाठवत असतात. इथे ती पन्नासच्या राशीत आहे.

दोन्ही घेते. भवानी होते. तो नोटा कपाळाला लावतो आणि गल्ल्यात नाही, शर्टाच्या वरच्या खिशात ठेवतो.

पुढे जाते. चपला-बुटांची रांग, एकेका पायाचे बूट. भिंगं नसलेल्या चष्म्याच्या फ्रेम्स. नाण्यांवर वाकलेले दोघे, हातात भिंग, बोलणं बंद. बिनकाट्यांची भिंतीवरची घड्याळं आभाळाकडे तोंड करून पडलीत. मातीच्या रंगाचा एक कुत्रा सावलीच्या पट्टीत झोपलाय आणि सगळे त्याला वळसा घालून जाताहेत.

पितळेचा ढीग घेऊन मावशी बसल्यात. साठीच्या पुढच्या. नऊवारीचा पदर डोक्यावर, शेजारी ताणकाटा आणि एक प्लॅस्टिकची पाटी. समया, अडकित्ते, फुलपात्री, पोचे आलेले तांबे. ह्या ढिगाच्या एका अंगाला बारीक जिनसांचं टोपलं आहे. त्यात भातुकली आहे.

घंगाळ, तपेली, बंब, कासंडी. सोऱ्या, ज्याचा दांडा अजून फिरतो आणि आत खरोखर चकत्या बसतात. करंगळीएवढी विळी. विळीच्या पात्याला धार नाही, पण खोबरं खवायचे दाते आहेत, कानशीने एकेक काढलेले. घंगाळाला कड्या आहेत आणि त्या कड्या हलतात. ज्या तांबटाने हे केलं त्याने मोठं घंगाळ करताना जे केलं तेच लहान करताना केलंय, काहीही गाळलेलं नाही. लहान आहे म्हणून सोपं केलं नाही. मला ह्या कामाबद्दल जो आदर वाटतो तो शोकेसमधल्या कुठल्याही बाहुलीबद्दल वाटत नाही.

“किलोवर आहे,” मावशी म्हणतात. “पितळेचा भाव पाचशेच्या वर गेलाय बाई. मी साडेसहाशेनी लावीन. सुटं देणार नाही.”

सुटं न द्यायचं कारण त्या सांगतात. लोक येतात, बंब घेतात, सोऱ्या घेतात, आणि उरलेल्या ताटल्या-वाट्या पडून राहतात. त्या मग भंगारात. भंगारवाला पाटी उचलतो आणि पुढे भट्टी. त्या बोहारणीचा धंदा करायच्या, कपड्यांवर भांडी. अजून अधूनमधून जातात. पेठांतले वाडे पाडले जाऊ लागले तसा त्यांचा मालही बदलला. माळे रिकामे होतात. माळ्यावर लग्नाचे रुखवत असतात, त्याच्यामागे पत्र्याची ट्रंक, ट्रंकेत गंजिफा, सोंगट्या, भातुकली. घरातल्या लोकांना नव्या फ्लॅटमध्ये माळा नसतो.

मी एक तपेली उचलते. दोन इंचांची. आत बोट फिरवलं तर गुळगुळीत लागतं, आणि काठाशी पांढुरकी चमक आहे. कल्हई. खेळण्याच्या तपेलीला कल्हई केलेली. म्हणजे हिच्यात खरंच काहीतरी शिजलंय. चुरमुऱ्याचा भात नव्हे, खरा. आंबट लागलं तर कळकेल म्हणून घरातल्या मोठ्या बाईने कल्हईवाल्याला मोठ्या भांड्यांबरोबर हेही दिलेलं. तळाला काळं आहे. ते घासून जाणारं काळं नाही, धुराचं आहे.

कासंडीच्या गळ्याखाली टिंबांनी नाव घातलंय. पूर्वी भांड्यावर नावं घालणारे ठोकून ठोकून घालत तसं. उन्हात तिरपी धरली की अक्षरं वर येतात. “चि. कुमुद.” त्यापुढे साल, १९५१. नावाआधी चि. आहे, सौ. नाही. मोठ्या भांड्यांवर सौ. असतं, सासरचं नाव असतं, गावाचं नाव असतं. इथे नुसती कुमुद. हे भांडं तिच्या सासरी गेलं नसणार, माहेरच्या माळ्यावर राहिलं असणार.

मावशी ताणकाटा उचलतात. टोपलं सव्वा किलो भरतं. आठशेच्या जरा वर होतात. त्या पदराखाली बोटांवर पुन्हा हिशेब करतात आणि आठशेच म्हणतात. कुमुदच्या कासंडीला तिच्या वजनाइतकीच किंमत पडते. मी घासाघीस करत नाही. मावशींनी हे सगळं एकत्र ठेवलं म्हणून ते एकत्र आहे.

नऊ वाजून गेलेत. गर्दी वाढलीय. कुठेतरी कॅसेट प्लेअर तपासला जातोय आणि एक गाणं दोन ओळी वाजून घसरतं, पुन्हा वाजतं, पुन्हा घसरतं. तळण्याचा वास. गाड्यांचे हॉर्न. डोक्यावर ताडपत्री असलेल्यांची दुकानं भरलीत, नसलेल्यांसमोर लोक थांबत नाहीत, हातातली वस्तू घेऊन सावलीला जातात आणि तिथून किंमत ओरडून विचारतात.

एका टेम्पोच्या मागे सहा-सात जण उभे आहेत. काही बोलत नाहीत. टेम्पोत गोण्या आहेत, तोंडं शिवलेली. एक गोणी खाली उतरवलीय, पण सोडलेली नाही. पोरगा विशीतला, गोणीवरच बसलाय.

“काय आहे?”

“सदाशिवातल्या वाड्याचं. सगळं मिक्स आहे. भाऊ येऊ द्या, मग सोडतो.”

भाऊ चहाला गेलाय. भाऊ आल्याशिवाय भाव ठरत नाही. म्हणून सगळे उभे. रोजचे आहेत, चेहऱ्यांनी ओळखीचे. जाड भिंगांचे एक काका, त्यांच्या खिशात छोटं लोहचुंबक. पितळ म्हणून दिलेलं लोखंड चिकटतं की नाही ते बघायला. एक कॉलेजातली मुलगी, पाठीवर सॅक, ती बाहुल्या घेते, धुते, केस उकळत्या पाण्याने सरळ करते आणि ऑनलाइन विकते. एक जण फक्त रेल्वे घेतो. फक्त रेल्वे. डबा, रूळ, सिग्नल, काहीही, पण रेल्वे. दोघे कुठलीही वस्तू घेणारे दुकानदार आहेत. ते सर्वांत पुढे उभे आहेत आणि सर्वांत कमी बघताहेत.

पंधरा मिनिटं जातात. ऊन मानेवर येतं. रस्त्यापलीकडे रसवंतीचा चरक फिरतोय, त्याची घुंगरं वाजताहेत. तिथेही रांग आहे. काका सगळ्यांचे ग्लास सांगतात, पण जागा सोडून आणायला कोणी जात नाही. शेवटी रसवाल्याचा पोरगाच घेऊन येतो. बर्फ कमी, लिंबू जास्त. पिताना प्रत्येकाची नजर गोणीच्या शिवणीवर.

भाऊ येतो. सुतळी कापली जाते. गोणी आडवी होते, आणि ओतली जात नाही, हाताने काढली जाते. हे चांगलं लक्षण. ह्या पोरांना कळलंय की ओतलं की फुटतं.

आधी वर्तमानपत्रं. मग काचेच्या बरण्या. शिवणाचे पॅटर्न. क्रिकेटची बॅट, दांड्याला सायकलची ट्यूब गुंडाळलेली. एक छोटा दगडी पाटा, तळहाताएवढा, टाकी लावलेला. मग प्लॅस्टिकची पिशवी, आणि पिशवीत पाय. चार पाय, दोन डोकी.

कॉलेजातली मुलगी खाली बसते. बार्बी आहेत. पहिलीच्या कमरेखाली शिक्का आहे, १९६६. पुढे उभा दुकानदार तो वाचतो आणि त्याचा आवाज बदलतो. “सासष्टची आहे! अँटिक!” मुलगी मान हलवते. हे तिला माहीत आहे, मलाही. १९६६ हे साल धडाच्या साच्याच्या हक्काचं आहे, बाहुलीच्या जन्माचं नाही. तो साचा पुढे कितीतरी वर्षं चालला आणि नव्वदच्या दशकातल्या बाहुल्यांच्या पाठीवरही तेच साल आहे. सालाच्या शेजारी देश वाचायचा असतो. पहिली बार्बी १९५९ ची, ती जपानमध्ये बनली. पुढे काम कोरिया, तैवान, मलेशिया, चीन असं सरकत गेलं. हिच्या पाठीवर इंडिया आहे. ऐंशीच्या दशकात इथे बार्बी बनू लागली, त्यानंतरची ही. कानाशी हिरवट डाग. धातूच्या कुड्या होत्या, त्यांचा गंज प्लॅस्टिकमध्ये उतरलाय. तो पुसून जात नाही, आतपर्यंत गेलेला असतो.

मुलगी दोन्ही दोनशेला घेते. सासष्टबद्दल ती काही बोलत नाही, पण दुकानदाराने मागितल्यावर त्याला शिक्का दाखवते आणि नीट समजावून सांगते. तो ऐकतो. पुढच्या वेळी तो तिच्यावर कडी करेल. तरी ती सांगते.

गोणीतून जुना बूट-बॉक्स निघतो. पुठ्ठा मऊ झालाय. भाऊ झाकण उघडतो आणि लगेच अर्धं बंद करतो. “हे नंतर.” सगळे पुढे झुकतात. तो बॉक्स उन्हात ठेवतो आणि माझ्या तोंडून शब्द निघून जातो.

“उन्हात नको.”

“का?”

“काचकडं आहे ते.”

काका मान डोलावतात आणि स्वतःची छत्री उघडून बॉक्सवर धरतात. मग झाकण पूर्ण उघडलं जातं.

कापसावर एक बाहुली निजलीय. वीतभर. गुलाबीसर अंग, गालांवर फुंकून मारलेला लाल रंग, रंगवलेले केस, रंगवलेले बूट. डोळे बाजूला बघणारे. मी हात पुढे करते, भाऊ देतो. वजन जाणवतच नाही. पोकळ आहे. दोन अर्ध्या कवचांची शिवण काखेपासून टाचेपर्यंत गेलीय. हात खांद्याशी रबराच्या दोरीने जोडलेले असणार, पण रबर कधीच सुकलंय, डावा हात सुटून कापसात पडलाय. पाठीवर अक्षरं आहेत, आत दाबलेली. जपान.

अंगठा तिच्या पाठीवर थोडा वेळ घासते. मग नाकाशी नेते. कापूर.

काचकडं म्हणजे नायट्रो केलेला कापसाचा लगदा आणि कापूर. कापराशिवाय ते लवचीक होत नाही. आणि कापूर जगात सर्वांत जास्त होता तैवानच्या जंगलांत. तैवान १८९५ ते १९४५ जपानच्या ताब्यात होतं. १८९९ मध्ये तिथल्या कापरावर जपानी सरकारचा मक्ता आला. म्हणून दोन महायुद्धांच्या मधल्या काळात जगभरच्या बंदरांत सर्वांत स्वस्त बाहुली जपानची असे, मुंबईच्याही. जर्मनीत त्या आधीपासून बनत होत्या, पण महाग. ही स्वस्त होती, हलकी होती, न्हाऊ घालता येत होती. लाकडाची फुगत असे, कापडाची भिजत असे, चिनीमातीची फुटत असे. हिला पाण्यात तरंगता येई.

आणि ही पेटत असे. जुन्या सिनेमाची रिळं ज्याने पेटायची तोच हा पदार्थ. दिवाळीत, चुलीपाशी, निरांजनापाशी. त्यामुळेच पन्नासच्या दशकात व्हिनाइल आल्यावर काचकड्याच्या बाहुल्या झपाट्याने गेल्या. टेबल टेनिसचा चेंडू मात्र २०१४ पर्यंत ह्याच पदार्थाचा होता. उन्हाने आजही ती मऊ पडते, पिवळी होते, आणि एक दिवस आतून भुगा होऊ लागते. बंद डब्यात ठेवली तर तिचाच वायू तिला खातो. तिला हवा लागते, सावली लागते.

हिच्या पोटाला पोचा आहे. बोटाने दाबला गेलाय, कधीतरी, कुणाच्या तरी अंगठ्याने. आत गेलेला भाग परत बाहेर आलेला नाही. पोच्याच्या कडेला, अगदी जवळ धरल्यावर, एक पातळ पट्टी दिसते. चिकटवलेला कागद आहे. पतंगाचा असावा, एका बाजूला फिका जांभळा. तडा गेल्यावर कुणीतरी खळीने कागद लावलाय आणि वरून गुलाबी रंग केलाय. रंग जुळलेला नाही, जरा अधिक विटकरी आहे. जलरंगांच्या पेटीतल्या दोन वड्या कालवून काढलेला वाटतो. ब्रशचे केस दोन ठिकाणी रंगात अडकून राहिलेत.

पुढे उभा असलेला दुकानदार म्हणतो, “डॅमेज आहे, अर्ध्या किमतीला पण जाणार नाही.”

त्याच्या वहीत ते खरं आहे. संग्राहकांच्या पुस्तकांतही तडा गेलेल्या बाहुलीची किंमत उतरते आणि घरगुती डागडुजीने अजून उतरते. मला हे मान्य नाही. न खेळलेलं, पेटीबंद खेळणं हे खेळण्याच्या दुकानाबद्दल सांगतं. दुरुस्त केलेलं खेळणं एका घराबद्दल सांगतं: नवी आणायची ऐपत किंवा सोय नव्हती, पण बाहुली फेकायची नाही हे ठरलं होतं, आणि कुणीतरी मोठ्या माणसाने संध्याकाळ काढून बसून रंग कालवला होता. ही माहिती दुसरीकडे कुठे लिहिलेली नसते. ती फक्त ह्या पट्टीत आहे. तिच्यावरचा रंग खरवडून ‘ओरिजिनल’ काढणारे लोक मला भेटलेत. त्यांना मी दर वेळी हेच सांगते.

भाऊ पाचशे म्हणतो. काका माझ्याकडे बघतात. त्यांनाही हवी आहे, हे मला दिसतं. ते छत्री सरकवत नाहीत.

“तुम्ही घ्या,” ते म्हणतात. “माझ्याकडे तीन आहेत. फक्त हात बसवताना जुनं रबर ओढू नका. नवी दोरी घाला, सैल.”

बाहुली बूट-बॉक्ससकट माझ्याकडे येते. झाकण पूर्ण लावत नाही.

साडेदहा. ताडपत्र्यांखाली आता गरम हवा कोंडलीय. पुढच्या एका गल्लीवजा भागात सगळा माल मुद्दाम जुना केलेला. काळं केलेलं पितळ, चहाच्या पाण्यात बुडवलेले नकाशे, पत्र्याचे चकचकीत रोबो, ज्यांच्या खोक्यावरचा रंग हाताला लागतो. इथे थांबायचं कारण नाही. तरी एक लाकडी बाहुली दिसते म्हणून थांबते. ठकी म्हणून सांगितली जातेय. ठकी अखंड लाकडातली असते, हात-पाय वेगळे नसतात, चौकोनी अंगावर लुगडं रंगवलेलं असतं. हिचे हात खिळ्याने जोडलेत आणि लाकडाचा वास ताजा आहे. खऱ्या ठक्या बाजारात जवळजवळ येतच नाहीत. लाकूड सरपणाला चालतं, हे त्याचं साधं कारण. सावंतवाडीची पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची लाखेची फळं मात्र कधी कधी मिळतात, चन्नपट्टणची काळ्या कुड्याच्या लाकडाची गोंडस खेळणी त्याहून जास्त. लाख टिकते. घासलेल्या ठिकाणी सुद्धा तिची झिलई राहते.

परत फिरताना एका सायकलच्या सुट्या भागांच्या ढिगात पत्र्याची बस पडलीय. लाल, पिवळी, खिडक्यांमधून छापलेले प्रवासी. प्रत्येक खिडकीत वेगळा चेहरा, एका खिडकीत टोपीवाले आजोबा. किल्लीचं भोक आहे, किल्ली नाही. मी ती उलटी करते. पत्र्याच्या जिभल्या खाचांतून आरपार घालून वाकवलेल्या आहेत; डाक नाही, स्क्रू नाही. एक जिभली तुटलीय तिथे तांब्याची तार गुंडाळलीय. आतली बाजू बघायला चाकांमधून मोबाइलचा उजेड पाडते. आत अक्षरं आहेत. उलटी, निम्मी कापलेली, हिरव्या पट्ट्यावर पांढरी. तेलाच्या डब्याचा पत्रा. ज्याने ही बस केली त्याने आधी छापलेला पत्रा उलटून वापरलाय. टोपीवाल्या आजोबांच्या पाठीमागे, बसच्या आत, तेलाची जाहिरात आहे, आणि ती बस मोडल्याशिवाय कुणाला दिसणार नव्हती.

शेजारी एक बाई उभ्या आहेत, कडेवर दीडेक वर्षाचं मूल. मूल बसकडे हात करतं. बाई वीस रुपये काढतात.

मी त्यांना थांबवते. जुन्या पत्र्यावरच्या पिवळ्या आणि केशरी रंगात शिसं असतं, पोपडे निघत असले तर जास्तच, आणि हे वय सगळं तोंडात घालायचं. त्यांना राग येत नाही. त्या विचारतात, “मग नवं कुठलं बरं?” नव्या खेळण्यावर आयएसआयचा शिक्का बघा, सांगते, १ जानेवारी २०२१ पासून तो भारतात सक्तीचा आहे. मुलाला आधी लाकडी चमचा द्या. सायकलवाला ऐकतोय. त्याची वीसची विक्री गेली. मी बस चाळीसला घेते. तो काही बोलत नाही, पण ढिगात हात घालून शोधत राहतो आणि एक छोटी, दुहेरी कानांची किल्ली काढून देतो. बसत नाही. दुसरी देतो. तीही नाही. तिसरी अर्धी जाते, थोडं तेल सोडून तो ती दामटतो, आणि आत काहीतरी कुरकुरतं. चाकं फिरत नाहीत. स्प्रिंग आहे, एवढं कळतं.

टेम्पोपाशी पुन्हा येते. गोणी रिकामी झालीय, घडी करून सीटखाली. रेल्वेवाल्याला सिग्नलचा एक हात मिळालाय, तो अजून उभा आहे. तो छोटा दगडी पाटा मागेच राहिलाय. कुणी उचललेला नाही. दगडाला वजनाचा भाव नाही आणि लेबल नाही. टाकीचे ठोके पाहते. मध्यभागी ते पुसट झालेत, कडेला ताजे आहेत. वाटलं गेलंय ह्याच्यावर. चिंचेचा पाला, खडू, विटेचा भुगा, जे मिळेल ते. कडेच्या एका खाचेत लालसर काहीतरी बसलंय.

“वरवंटा कुठाय ह्याचा?”

भाऊ टेम्पोत बघतो. पोरगा चाकाखाली बघतो. काका त्यांच्या पिशवीतही बघतात, चुकून आला असेल म्हणून.

“ह्या गोणीत नव्हता ताई. त्याच वाड्याच्या अजून दोन आहेत घरी. स्वयंपाकघरातल्या वस्तू त्यात आहेत. बुधवारी आणतो.”

“पाटा ठेवा मग माझा. पैसे आत्ता देते.”

“पैसे बुधवारी द्या. वरवंटा निघाला तर दोन्हीचे दीडशे, नाही निघाला तर पाटा तसाच घ्या.” तो पाटा वर्तमानपत्रात गुंडाळतो, सुतळी मारतो आणि ड्रायव्हरच्या सीटखाली सरकवतो. “फक्त साडेसातला या. आठला नको. काका सात वाजताच येऊन उभे राहतात.”

काका म्हणतात, “पावणेसात.”